बसून धरलेली पाठ आणि कायरोप्रॅक्टर: आधी काय, मग काय

दुपारी चारच्या सुमारास पट्ट्याच्या रेषेत जडपणा येतो. खुर्चीतून उठल्यावर पहिली चार पावलं वाकून टाकावी लागतात, थोडं चाललं की सरळ होता येतं. रविवारी घरात दिवसभर उलाढाल केली तर दुखणं जवळपास जाणवतच नाही आणि सोमवारी संध्याकाळी हजर. तुमच्या पाठीची कहाणी साधारण अशी असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

अशी पाठ घेऊन लोक हल्ली दोन वाटांनी जातात. काही जण थेट एमआरआय काढतात आणि ‘मणक्यात गॅप आहे’ हे वाक्य घेऊन घरी येतात. काही जण मोबाईलवर कडाकडा मणके वाजवण्याचे व्हिडिओ बघून कायरोप्रॅक्टरची, म्हणजे हाताने मणक्याला दाब-झटके देणाऱ्या उपचारकाची, वेळ घेतात. दोघंही थोडी घाई करतात. कायरोप्रॅक्टिकला या दुखण्यात जागा आहे आणि तिच्यामागे बऱ्यापैकी पुरावाही आहे, असं माझं मत आहे. पण ती जागा तिसऱ्या पायरीवरची आहे आणि तिचं काम मर्यादित आहे: काही आठवडे दुखणं कमी करून देणं, म्हणजे तेवढ्या अवधीत तुम्हाला नीट हलता-फिरता यावं. मणका ‘जागेवर बसवून’ कायमचा निकाल लावण्याचं कंत्राट त्या उपचाराला देऊ नये. दिलं, तर पैसे जातात आणि पाठ तिथेच राहते.

बसल्याने नेमकं काय होतं

गोथेनबर्गचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाकेमसन यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत जिवंत माणसांच्या कंबरेच्या चकतीत (दोन मणक्यांमधल्या ‘गादी’त) सुई घालून आतला दाब मोजला. उभं असताना तो १०० धरला, तर आडवं पडल्यावर २५, टेकू न घेता ताठ बसल्यावर १४० आणि पुढे झुकून बसल्यावर १८५ असे त्यांचे आकडे आले. पाठीवरच्या व्याख्यानांत अजूनही हाच तक्ता दाखवतात. मात्र १९९९ मध्ये जर्मनीतल्या उल्म इथल्या गटाने एका स्वयंसेवकाच्या चकतीत संवेदक बसवला, तेव्हा चित्र बदललं. उभं असताना ०.५ मेगापास्कल (हे दाबाचं एकक), सैल बसल्यावर ०.४६ आणि खुर्चीत मागे रेलून घसरून बसल्यावर चक्क ०.२७. ज्या बसण्यावरून घरातली मोठी माणसं आयुष्यभर ओरडली, ते चकतीला सगळ्यांत हलकं! एकाच माणसाचं मोजमाप, त्यामुळे त्यावर मजले चढवू नयेत. पण ‘ताठ बसा म्हणजे झालं’ हा उपदेश त्याने नक्कीच डळमळीत होतो.

अभ्यासांचा एकूण सूरही तसाच आहे. बसून काम करणाऱ्यांविषयीच्या संशोधनाचा २००७ मध्ये एक आढावा निघाला. त्यात निव्वळ बसण्याचा पाठदुखीशी पक्का संबंध आढळला नाही. अर्ध्या पाळीहून जास्त बसणं आणि त्याच्या जोडीला हादरे किंवा वाकडीतिकडी बैठक असेल, तेव्हा मात्र धोका वाढलेला दिसला. एसटीचे चालक, रिक्षावाले, ट्रॅक्टर चालवणारे यांच्या पाठीचं गाऱ्हाणं त्यात बरोबर बसतं. पुण्यात रोज तास-दीड तास खड्ड्यांतून स्कूटर हाणत हिंजवडीला जाणाऱ्यानेही आपल्या पाठीचा सगळा दोष ऑफिसच्या खुर्चीवर टाकू नये.

मग नुसत्या बसण्याने दुखतं ते का? कारण एकाच स्थितीत तासन्‌तास राहिल्यावर पाठीच्या मागच्या बाजूचे अस्थिबंध हळूहळू ताणत राहतात, मणक्यालगतचे स्नायू थोडा पण अखंड भार वाहून थकतात आणि खुब्याचा सांधा वाकलेलाच राहिल्याने उठताना तो लगेच सरळ होत नाही. चकतीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिचं पोषण आजूबाजूच्या मणक्यांतून झिरपतं आणि त्याला हालचालीची मदत होते. थोडक्यात, वाईट बैठकीपेक्षा न बदललेली बैठक जास्त नडते. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पहिली पायरी: ही पाठदुखी साधीच आहे ना?

ही पायरी वगळून कुणाच्याही हाताखाली पाठ देऊ नका. कायरोप्रॅक्टर असो, मालिशवाला असो, नाहीतर उसण भरल्यावर पाठीला पाय लावायला बोलावलेला गावाकडचा पायाळू असो. खाली दिलेल्यांपैकी काहीही असेल, तर आधी डॉक्टर.

ताबडतोब, म्हणजे त्याच दिवशी रुग्णालयात जायचं ते अशा वेळी: लघवी अडली, किंवा कळत नकळत होऊ लागली, शौचावर ताबा राहिला नाही, जननेंद्रिय, गुदद्वार आणि मांड्यांची आतली बाजू बधिर झाली, दोन्ही पायांतली ताकद उतरू लागली. मणक्याच्या खालच्या टोकाचा नसांचा जुडगा दाबला गेल्याची ही लक्षणं असतात आणि इथे तासांचा हिशोब असतो. उद्या सकाळी बघू म्हणू नये.

एका पायाची चप्पल चालताना आपोआप निसटते, पाऊल घासत जातं, टाचेवर उभं राहता येत नाही, असं असेल तर एक-दोन दिवसांत अस्थिरोगतज्ज्ञ किंवा मेंदू-मज्जाविकारतज्ज्ञाला दाखवा.

आपल्याकडे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवायला हवी आणि परदेशी लेखांत तिला फारशी जागा मिळत नाही: मणक्याचा क्षयरोग. संध्याकाळी कणकण, रात्री घाम, भूक आणि वजन उतरणं, आणि पाठीत एकाच ठिकाणी ठसठस, जी झोपल्यावरही थांबत नाही. पूर्वी स्वतःला किंवा घरात कुणाला क्षय झालेला असेल तर शंका अधिक घ्यावी. अशा पोखरलेल्या मणक्यावर झटका देणं म्हणजे थेट इजा करणं. कर्करोगाचा इतिहास, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, दीर्घकाळ स्टेरॉइड, ठिसूळ झालेली हाडं, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या या सगळ्यांतही आधी तपासणी.

आणखी एक चकवा तरुणांचा. विशी-तिशीत हळूहळू सुरू झालेली पाठदुखी, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त टिकणारा ताठरपणा, पहाटे दुखण्याने जाग, आणि आराम केल्यावर बरं वाटण्याऐवजी हालचालीनेच मोकळं होणं. हे मणक्याच्या दाहक संधिवाताचं वर्णन आहे. ‘ऑफिसमुळे होतं’ म्हणत अशी मंडळी वर्षानुवर्षं मालिश आणि पट्टे घेत फिरतात. यांनी संधिवाततज्ज्ञाकडे जावं.

कुशीतून जांघेकडे उतरणारी, लाटांसारखी येणारी आणि कुठल्याच स्थितीत चैन पडू न देणारी कळ बहुधा पाठीची नसून मुतखड्याची असते, हेही लगे हात लक्षात असू द्या.

यातलं काहीच नसेल, तर फोटो काढायची घाई करू नका. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, ज्यांना पाठदुखी अजिबात नाही अशा लोकांच्या मणक्यांची चित्रं एकत्र पाहिली गेली. चकतीची झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांत आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत होती. चकतीचा फुगवटा विशीतल्या ३० टक्क्यांत दिसला. म्हणजे तुमच्या अहवालातली ‘गॅप’ दुखण्याआधीही तिथेच बसलेली असू शकते. ती वाचून माणूस वाकायला घाबरू लागतो, हे तिचं खरं नुकसान.

दुसरी पायरी: पहिले दोन आठवडे स्वतःचे

झोपून राहू नका. हेलसिंकीच्या महापालिका कर्मचाऱ्यांवर केलेली आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी या बाबतीत फार बोलकी आहे. अचानक पाठ धरलेल्यांचे तीन गट केले होते: एकाला दोन दिवस अंथरुण, एकाला व्यायाम, एकाला सांगितलं की जमेल तसे रोजचे व्यवहार चालू ठेवा. तिसरा गट सगळ्यांत लवकर सुधारला.

गरम पाण्याच्या पिशवीचा शेक, पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा घ्यायला हरकत नाही. पॅरासिटामॉलवर फार भिस्त ठेवू नका. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या १,६५२ रुग्णांच्या चाचणीत त्या गोळीने बरं होण्याचा काळ कमी झाला नाही. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामकांचा उपयोग होतो, पण आम्लपित्त, मूत्रपिंड, रक्तदाब यांचा त्रास असणाऱ्यांनी त्या गोळ्या औषधाच्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत. कंबरेचा पट्टा? जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट पाठदुखीवर जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत पट्टे आणि वजन लावून ओढणं, दोन्हींच्या विरोधात शिफारस आहे. ‘ट्रॅक्शन लावलं की गादी आत जाते’ हे ऐकून आठवडाभर भरती होणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

आता खुर्ची. महागडी घ्यायची गरज नाही, आहे तीच नीट लावा.

तळवे जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत. उंची कमी असेल तर पायांखाली लाकडी पाट ठेवा. बैठकीची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटांची फट हवी. कंबरेच्या खोलगट भागात पंचाची घट्ट गुंडाळी ठेवा आणि पाठ १०० ते ११० अंशांत थोडी मागे रेलू द्या. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर एक हात. लॅपटॉपवर हे जमणारच नाही, कारण स्क्रीन वर घेतली की कळफलकही वर जातो. म्हणून लॅपटॉप जाडजूड पुस्तकांच्या थप्पीवर आणि समोर वेगळा कळफलक आणि माऊस. या लेखातला सर्वांत फायद्याचा खर्च तोच. मागच्या खिशातलं जाडं पाकीट काढा. पलंगावर पाय पसरून मांडीवर लॅपटॉप घेण्याची सवय मात्र मोडावीच लागेल, तिला सुधारून घेण्याची युक्ती मला माहीत नाही.

मांडी घालून जमिनीवर बसणं वाईट का? अजिबात नाही, वीसेक मिनिटं. जेवायला, भाजी निवडायला, पूजेला बसणारा माणूस अधूनमधून उठत असतो. तीच मांडी घालून तीन तास पाठ टेकवल्याशिवाय काम केलं तर खुर्चीपेक्षा लवकर अवघडायला होतं.

खुर्चीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे दर अर्ध्या तासाला उठणं. दोन मिनिटं पुरतात. आठवण ठेवण्यापेक्षा सोय करून ठेवा: पाण्याची बाटली टेबलावर ठेवू नका, छोटा पेला ठेवा, फोन आला की उभं राहा, शेजारच्या रांगेतल्या माणसाला संदेश पाठवण्याऐवजी चालत जा. उठल्यावर दोन्ही हात कंबरेवर ठेवून पाच वेळा हलकेच मागे वाका.

घरी आल्यावर एकच व्यायाम पुरे, सुरुवातीला. पालथं झोपा, तळवे खांद्यांखाली, कंबर आणि पाय सैल जमिनीवर ठेवून फक्त हातांच्या जोरावर छाती वर उचला, खाली या. दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. यामागे न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टची पद्धत आहे. १९५६ मध्ये वेलिंग्टनमधल्या त्यांच्या दवाखान्यात एक रुग्ण टेबलाची डोक्याकडची बाजू वर उचललेली असताना त्यावर चुकून पालथा पडून राहिला आणि उठला तो पाय बराच मोकळा घेऊन. तिथून त्यांचा विचार सुरू झाला. त्यांचा एक नियम पाठ करून ठेवा. व्यायाम करताना पायातलं दुखणं वर सरकून कंबरेपुरतं राहिलं, तर वाट बरोबर आहे, कंबरेत थोडं वाढलं तरी. कंबरेतलं दुखणं पायात उतरू लागलं, तर तिथेच थांबा.

बहुतेकांची पाठ इतक्यावर दोन आठवड्यांत बरीच सुटते. ज्यांची सुटत नाही, किंवा दुखण्यामुळे चालणं-व्यायामच होत नाही, त्यांनी पुढे यावं.

तिसरी पायरी: कायरोप्रॅक्टिक कशासाठी आणि किती

या उपचाराची जन्मकथा विचित्र आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डेव्हनपोर्ट या गावी डॅनियल डेव्हिड पामर नावाचा चुंबकीय उपचार करणारा गृहस्थ होता. १८९५ च्या सप्टेंबरात त्याने हार्वी लिलार्ड या सफाई कामगाराचा मणका दाबला आणि त्याचं बहिरेपण गेलं, असा दावा केला. सगळ्या रोगांचं मूळ मणक्यांच्या ‘सरकण्यात’ असतं, असा सिद्धांत त्यातून निघाला आणि दोन वर्षांत शाळाही. त्या सिद्धांताला विज्ञानाचा आधार मिळाला नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेने या मंडळींवर बहिष्कार टाकला होता. तो स्पर्धाविरोधी आणि बेकायदा असल्याचा निकाल १९८७ मध्ये न्यायालयाने दिला. पुढे या व्यवसायात दोन प्रवाह झाले. एक अजून पामरच्या भाषेत बोलतो, दुसरा पाठ-मान-सांधे एवढ्यापुरतं काम करतो आणि पुराव्याची भाषा बोलतो. तुम्हाला दुसरा शोधायचा आहे.

मुळात मूळ कल्पना चुकीची असूनही हाताचा उपाय उपयोगी असू शकतो, हे पचवायला जरा जड जातं. पण आकडे तसं सांगतात. २०१७ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्याने नव्या पाठदुखीवरच्या २६ चाचण्या पाहिल्या. मणक्याच्या हस्तोपचाराने सहा आठवड्यांपर्यंत दुखणं १०० पैकी सरासरी १० गुणांनी उतरलं. जुनाट पाठदुखीवर २०१९ च्या ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातल्या आढाव्यात ४७ चाचण्या आणि ९,२११ रुग्ण होते, निष्कर्ष असा की हा उपचार इतर शिफारस केलेल्या उपचारांच्या, म्हणजे मुख्यतः व्यायामाच्या, तोडीस तोड ठरतो. अमेरिकी सैन्यदलातल्या ७५० जणांची एक चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीच्या वैद्यकीय उपचारांना कायरोप्रॅक्टिकची जोड दिलेल्यांचं दुखणं आणि अडचण सहा आठवड्यांनी नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त कमी झाली होती.

शंभरात दहा म्हणजे फार नाही. आठवर असलेली कळ सातवर येणं. सरासरी आहे, कुणाला जास्त, कुणाला काहीच नाही. तरीही अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये गोळ्यांच्या आधी जे उपाय सुचवले, त्यांत शेक, मालिश, व्यायाम यांच्याबरोबर याचंही नाव आहे. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस संस्थेने २०१६ मध्ये परवानगी दिली, पण अट घातली: व्यायामासोबत दिला तरच. या अटीत सगळं आलं.

तो आवाज. सांधा पटकन ताणला गेला की आतल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते आणि कट् होतं. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात २०१५ मध्ये बोटं मोडतानाचं एमआरआय चित्रण करून हे दाखवलं गेलं. हाड जागेवर बसल्याचा तो आवाज नव्हे, आणि आवाज झाला नाही म्हणून उपचार वाया गेला असंही नाही. झटक्यानंतर बरं वाटतं ते बहुधा स्नायूंचा आवळ आणि मेंदूपर्यंत जाणारा वेदनेचा संदेश काही काळ बदलल्यामुळे. ‘काही काळ’ हे शब्द विसरू नका.

चौथी पायरी: माणूस पारखून घेणं

भारतात डॉक्टरांसारखी किंवा फिजिओथेरपिस्टसारखी कायरोप्रॅक्टरसाठी वेगळी वैधानिक परिषद नाही. म्हणजे पाटी लावायला अडवणारं कुणी नाही आणि जबाबदारी तुमच्यावर येते. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींचं काम सोपं आहे. ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्याने जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिल आहे आणि तिच्या नोंदणीशिवाय कुणाला हे बिरुद लावता येत नाही. ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय मंडळ आहे, अमेरिकेत प्रत्येक राज्याचा परवाना. नाव टाकून संकेतस्थळावर पाहता येतं.

इथे आधी शिक्षण विचारा. खऱ्या कायरोप्रॅक्टरने बहुधा परदेशात चार-पाच वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम केलेला असतो. आठवड्याच्या शिबिराचं प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेलं असेल तर नमस्कार करून निघा. तसा माणूस गावात नसेल, तर अडून बसायचं कारण नाही. सांध्यांवरच्या हस्तोपचाराचं प्रशिक्षण घेतलेला फिजिओथेरपिस्ट तेच काम करू शकतो, आणि चाचण्यांमधला फायदाही फक्त कायरोप्रॅक्टरच्याच हातांचा नाही. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची राज्य परिषदेकडे नोंदणी असते. क्रमांक विचारायला संकोच करू नका. सोलापूर, अकोला, रत्नागिरीकडच्या वाचकांसाठी हाच पर्याय जास्त हाताशी आहे, आणि मला तो कमी दर्जाचा वाटत नाही.

पहिल्या भेटीत काय व्हायला हवं? तो आधी बोलेल. वर पहिल्या पायरीत जे आलं, ते सगळं स्वतःहून विचारेल. गुडघ्याच्या वाटीखाली हातोडी मारून पाहील, अंगठा वर उचलायला लावेल, उताणं झोपवून सरळ पाय उचलेल. मग काय करणार ते सांगेल, धोके सांगेल आणि परवानगी विचारेल. झटका नको असेल तर हळुवार दाबाच्या पद्धतीही त्याच्याकडे असतात, तसं सांगा. नंतर एखादा दिवस अंग ठणकणं सामान्य आहे. आणि निघताना हातात व्यायाम ठेवेल. तो ठेवला नाही, तर दुसरी भेट घेऊ नका.

काही ठिकाणी उठून यावं:

पहिल्याच दिवशी वीस-पंचवीस भेटींचं पॅकेज आगाऊ पैशांसकट पुढे केलं. दर थोड्या दिवसांनी एक्स-रे, ‘मणका किती सरळ झाला’ ते दाखवायला. मधुमेह, दमा, वंध्यत्व, लहान मुलांचं अंथरुणात लघवी करणं असल्या गोष्टी मणक्यातून बऱ्या करण्याची भाषा. चालू औषधं बंद करायचा सल्ला. चित्रीकरणासाठी फोन लावून ठेवलेला.

मानेबद्दल वेगळं. तुमचं दुखणं कंबरेत असेल तर मानेला झटका देण्याचं काहीही कारण नाही, आणि ‘एकदम सगळंच मोकळं करून देतो’ म्हटलं तरी नाही म्हणा. मानेच्या झटक्यानंतर मेंदूला रक्त नेणाऱ्या धमनीचं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदल्या गेल्या आहेत. विरळा आहेत, पण कंबरेसाठी तेवढाही धोका का घ्यायचा? सलूनमध्ये चंपीनंतर मान कडकन फिरवून देतात, तेही याच कारणासाठी बंद करायला सांगा. कंबरेच्या झटक्यात गंभीर इजा फारच दुर्मीळ असते, मात्र पहिली पायरी पार केलेल्या माणसातच.

पाचवी पायरी: मोजा आणि सुटलेल्या वेळेचा वापर करा

उपचार सुरू करण्याआधी दोन गोष्टी वहीत लिहा. दुखणं शून्य ते दहात किती, आणि दुखण्यामुळे अडलेली तीन कामं: समजा, एका जागी सलग पाऊण तास बसणं, वाकून मोजे घालणं, बादली उचलणं. आठवड्यातून दोन भेटी धरल्या तर तीन आठवड्यांत साधारण सहा होतात. तेव्हा पुन्हा लिहा. आकडा दोनाने तरी उतरला नसेल आणि तीनपैकी एकही काम सोपं झालं नसेल, तर थांबा आणि डॉक्टरकडे परत जा. ‘शरीर अजून विष बाहेर टाकतंय’ वगैरे ऐकून पुढच्या सहा भेटी घेऊ नका. फरक पडला असेल तर भेटी विरळ करत जा. महिन्या-दोन महिन्यांत सुटका व्हायला हवी.

हस्तोपचारानंतरचे एक-दोन दिवस सर्वांत मौल्यवान, कारण तेव्हा हालचाल सोपी वाटते. बहुतेक लोक त्या दिवशी ‘उपचार झालाय, आज आराम’ म्हणून लोळतात. त्याच दिवशी व्यायाम वाढवायचा असतो. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल यांनी सुचवलेले तीन व्यायाम बसणाऱ्या पाठीला चांगले मानवतात. उताणं झोपून एक गुडघा वाकवून, दोन्ही तळवे कंबरेच्या खोलगटात ठेवून फक्त डोकं आणि खांदे किंचित उचलणं. कुशीवर कोपर टेकवून, सुरुवातीला गुडघे वाकवून, कंबर उचलून धरणं. आणि हात-गुडघ्यांवर रांगण्याच्या स्थितीत उजवा हात व डावा पाय, मग उलट, सरळ लांबवणं. प्रत्येक वेळी दहा सेकंद धरायचं. आधी सहा वेळा, थोडा दम घेऊन चार, मग दोन. श्वास कोंडू नये. योगासनांची सवय असेल तर भुजंगासन आणि सेतुबंधासन चालू ठेवा. बसून पायाचे अंगठे पकडणारं पश्चिमोत्तानासन मात्र दुखणं ताजं असेपर्यंत बाजूला ठेवा, दिवसभर पाठ पुढेच वाकलेली असते.

आणि चाला. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत पाठदुखीतून नुकतेच बरे झालेले ७०१ जण होते. ज्यांना हळूहळू वाढवत नेलेला चालण्याचा कार्यक्रम आणि थोडं समुपदेशन मिळालं, त्यांचं दुखणं परत उलटायला मध्यक (म्हणजे मधल्या क्रमांकाच्या माणसाचा आकडा) धरला तर २०८ दिवस लागले. ज्यांना काही मिळालं नाही त्यांचं ११२ दिवसांत उलटलं. यात फारशी औषधं नाहीत, यंत्रं नाहीत. दहा मिनिटांपासून सुरू करून सहा महिन्यांत आठवड्यातले पाच दिवस, दिवसाला अर्धा तास एवढी मजल ठेवा. कंपनीची बस एक थांबा आधी सोडली तरी त्यातलं बरंचसं होतं.

पाठ पुन्हा धरणार हे गृहीत धरा, बहुतेकांची धरते. लांबचा प्रवास, वार्षिक हिशोबाचे दिवस, दिवाळीची साफसफाई, निमित्त कोणतंही. त्या दिवशी थेट कायरोप्रॅक्टरला फोन लावू नका. आधी पहिल्या पायरीतली लक्षणं स्वतःशी तपासा, ती नसतील तर शेक, पालथं झोपून तो एक व्यायाम आणि घरातल्या घरात का होईना, दर अर्ध्या तासाने फेऱ्या. दहा-बारा दिवसांत वहीतला आकडा हलला नाही, तर वही घेऊन जा. मागच्या वेळी कशाने फरक पडला होता, ते तिच्यात लिहिलेलं असेल.